जुन्या अमेरिकी रेडिओवरचं हॉलिवूड: ऐकायला सुरुवात कशी करावी

हॉलिवूडचे चित्रपट, तिथले नट-नट्या, स्टुडिओ आणि त्यांच्याबद्दलच्या वावड्या यांवर उभे असलेले रेडिओ कार्यक्रम अमेरिकेत १९३४ ते १९५५ या काळात जोरात चालले. त्यांतले शेकडो भाग आज इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतात. पण तिथे पहिल्यांदा जाणारा माणूस एकतर फायलींचा ढीग पाहून गांगरतो, नाहीतर खरखरीला वैतागून दहा मिनिटांत बंद करतो. दोन्ही टाळता येतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. हे भाग केवळ ‘डोळे मिटून पाहायचा सिनेमा’ म्हणून ऐकले तर निम्मा माल हातातून जातो. साबणाची जाहिरात, अंकांमधला पाहुणा, शेवटच्या गप्पा आणि निवेदकाने भरभर वाचलेली श्रेयनामावली, यांत सिनेमाच्या धंद्याचा खरा व्यवहार ऐकू येतो. त्यामुळे अखंड प्रत शोधायची, ती योग्य वेगाने वाजते का ते तपासायचं आणि काहीही पुढे न ढकलता ऐकायचं.

आधी मुख्य कार्यक्रमांची ओळख

‘लक्स रेडिओ थिएटर’ हा या सगळ्यांतला मोठा. १४ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्कहून तो सुरू झाला तेव्हा त्यात ब्रॉडवेची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रंगभूमीवरची नाटकं होत. श्रोते घसरायला लागल्यावर १ जून १९३६ पासून तो हॉलिवूडला हलला. तिथल्या पहिल्या भागात मार्लिन डीट्रिच आणि क्लार्क गेबल होते आणि सूत्रधार होता दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल. तासाभराचा कार्यक्रम, तीन अंक, समोर प्रेक्षक, दर सोमवारी रात्री थेट प्रक्षेपण. मोठ्या ताऱ्याला एका भागाचे ५,००० डॉलरपर्यंत मिळत. पैसा लीव्हर ब्रदर्सचा, म्हणजे लक्स साबणाचा. नटीच्या तोंडून साबण विकायचा हाच मार्ग या कंपनीने आपल्याकडेही वापरला. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या, तो याच धोरणाचा भाग.

‘स्क्रीन गिल्ड थिएटर’ जानेवारी १९३९ मध्ये सुरू झाला. वेळ अर्धा तास. याचं वेगळेपण पैशात आहे. कलाकार आपलं मानधन घेत नसत, ते मोशन पिक्चर रिलीफ फंडाला जाई. त्यातून सिनेमात काम केलेल्या वृद्ध आणि गरजू लोकांसाठी निवासगृह उभं राहिलं. म्हणून या अर्ध्या तासात असे तारे एकत्र सापडतात, ज्यांना एकाच वेळी पैसे देऊन आणणं कुठल्याही प्रायोजकाला जड गेलं असतं.

‘स्क्रीन डायरेक्टर्स प्लेहाउस’ जानेवारी १९४९ मध्ये एनबीसी या रेडिओ नेटवर्कवर आला. मूळ चित्रपटाचा दिग्दर्शक स्वतः येऊन चार शब्द बोलतो, हे त्याचं आकर्षण. पहिल्या भागात जॉन वेन होता आणि दिग्दर्शक जॉन फोर्ड. आधी अर्ध्या तासाचा असलेला हा कार्यक्रम १९५० च्या शरदात तासाभराचा झाला आणि १९५१ मध्ये संपला.

‘अकॅडमी अवॉर्ड थिएटर’ फक्त १९४६ मध्ये चालला, एकूण ३९ भाग. एखादी मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची हौस असेल तर हीच घ्यावी. आवाका लहान आहे आणि प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा.

पायरी १: एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या घ्या

सुरुवात ‘कॅसाब्लांका’पासून करा. चित्रपट आधी पाहिलेला असला तर उत्तम, नसेल तर कथासार तरी वाचून घ्या. या चित्रपटाची स्क्रीन गिल्डची आवृत्ती २६ एप्रिल १९४३ ची आहे आणि तिच्यात हम्फ्री बोगार्ट, इंग्रिड बर्गमन आणि पॉल हेनरीड हे मूळ कलाकार आहेत. लक्सची आवृत्ती २४ जानेवारी १९४४ ची. तिच्यात अ‍ॅलन लॅड, हेडी लमार आणि जॉन लोडर.

दोन्ही लागोपाठ ऐका. मूळ चित्रपट १०२ मिनिटांचा. जाहिराती आणि प्रास्ताविक वजा जाता स्क्रीन गिल्डकडे नाटकासाठी पंचवीसहून कमी मिनिटं उरतात, लक्सकडे पाऊण तासाच्या आसपास. कुठली पात्रं गळली, कुठलं दृश्य निवेदकाच्या दोन वाक्यांत उरकलं, कुठला संवाद दोघांनीही राखला, ते कागदावर टिपा. रेडिओसाठी पटकथा कशी कापत, हे शिकवायला या जोडीइतकी चांगली शिदोरी दुसरी नाही.

मग माणसांकडे बघा. स्क्रीन गिल्डच्या आवृत्तीत बोगार्ट आणि हेनरीड वॉर्नर स्टुडिओचे, पण बर्गमन निर्माता सेल्झनिकच्या कराराखाली. वॉर्नरने तिला चित्रपटासाठी उसनी घेतलं होतं. लक्सच्या आवृत्तीत कथा वॉर्नरची, नायक पॅरामाउंटचा, नायिका एमजीएमची. स्टुडिओंचे करार माणसांना कसे बांधून ठेवत आणि रेडिओ त्यांतून कशी वाट काढी, हे तासाभरात समजतं. शेवटच्या श्रेयनामावलीत ‘अमुक स्टुडिओच्या सौजन्याने’ असं म्हणून लगेच त्या स्टुडिओच्या येऊ घातलेल्या चित्रपटाचं नाव घेतात. ताऱ्याला रेडिओवर येऊ देण्याच्या बदल्यात स्टुडिओला मिळालेली ही जाहिरात. ती कान देऊन ऐका. नाव नीट कळलं नाही तर ते पाच सेकंद पुन्हा वाजवा.

पायरी २: योग्य प्रत निवडा

शोधताना कार्यक्रमाचं नाव इंग्रजी स्पेलिंगने टाका आणि जोडीला तारीख. संग्राहकांच्या फायलींत तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने असते. म्हणजे ‘४४-०१-२४’ याचा अर्थ २४ जानेवारी १९४४. आपल्या सवयीने उलटं वाचलं की भलताच भाग हाती येतो. ‘ओल्ड टाइम रेडिओ रिसर्चर्स’ या गटाने तपासून लावलेले संच मिळाले तर तेच घ्या. त्यांत तारखा आणि नावं पडताळलेली असतात.

एकाच भागाच्या चार-पाच प्रती दिसतील. आकारावरून बराच अंदाज येतो. तासाभराची एमपी३ फाइल ३२ केबीपीएसला (दर सेकंदाला किती हजार बिट, त्याचं माप) साधारण १४ एमबी, ६४ ला २९ एमबी आणि १२८ ला ५८ एमबी भरते. मोनो भाषणासाठी ६४ पुरेसं आहे. ३२ ची फाइल टाळा, ‘स’ आणि ‘श’ पाण्यात बुडाल्यासारखे येतात. पण मोठी फाइल म्हणजे चांगली प्रत, असंही नाही. कुणीतरी ३२ ची फाइल पुन्हा १२८ मध्ये बदलून ठेवलेली असू शकते, आणि एकदा गेलेला आवाज त्याने परत येत नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम (खालचे-वरचे सूर किती आहेत ते दाखवणारं चित्र) बघा. एका रेषेच्या वर पट्टा एकदम काळाकुट्ट असेल, तबकडीची खरखरही तिथे दिसत नसेल, तर ती फाइल कधीतरी कमी केबीपीएसला दाबली गेली आहे. दुसरी शोधा.

लष्करी प्रतींबद्दल सावध राहा. १९४२ पासून आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस सैनिकांसाठी हे कार्यक्रम तबकड्यांवर पाठवी. त्यांतून जाहिराती आणि प्रायोजकाचं नाव काढून टाकत आणि रिकामी जागा संगीताने भरत. त्यामुळे लांबी बरोबर वाटली तरी प्रत अखंड नसते. या प्रतींचा आवाज अनेकदा नेटवर्कच्या प्रतींपेक्षा स्वच्छ असतो. नाटक ऐकायचं असेल तर त्या छान, पण धंदा समजून घ्यायचा असेल तर जाहिरातींसकटची खरखरीत प्रत घ्यावी.

पायरी ३: लांबी आणि जोड तपासा

हे कार्यक्रम १६ इंची तबकडीवर, ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने उतरवले जात. एका बाजूला साधारण १५ मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासाला दोन बाजू, तासाला चार. अर्ध्या तासाचा अखंड भाग साडेएकोणतीस मिनिटांच्या जवळ भरतो, तासाचा साडेएकोणसाठच्या. लक्सचा भाग ४५ मिनिटांचाच असेल तर बहुतेक एक बाजू हरवली आहे. कधी बाजूंची अदलाबदल झालेली असते. दुसरा अंक संपून पुन्हा पहिल्याचाच प्रसंग आला तर ऑडॅसिटीत तुकडे कापून जागेवर लावा.

पंधराव्या, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला आवाजाचा पोत बदलतो, तो या बाजू बदलल्यामुळे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून वेगाने सरकते, म्हणून तिथे आवाज उजळ. आतल्या बाजूला सरकण्याचा वेग कमी होतो आणि वरचे सूर बोथट होतात. जोड कानाला कळू नये म्हणून एक बाजू बाहेरून आत आणि पुढची आतून बाहेर, अशी कापण्याची पद्धत होती. युद्धकाळात अ‍ॅल्युमिनियमची टंचाई झाल्याने काचेवर लाखेचा थर दिलेल्या तबकड्या वापरल्या. काच फुटते, आणि त्या वर्षांतले काही भाग आज नाहीत त्याचं हेही एक कारण.

पायरी ४: वेग तपासा

नवखे श्रोते ही पायरी गाळतात आणि मग ‘त्या काळचे लोक किती चिरक्या आवाजात बोलत’ असा समज करून घेतात. दोष बहुतेक वेळा तबकडीवरून टेपवर उतरवतानाच्या वेगाचा असतो.

एनबीसीच्या कार्यक्रमांत यावर उत्तम तोड आहे. शेवटी तीन सुरांची घंटी वाजते: सोल, मी, डो. त्यांची कंप्रता अनुक्रमे सुमारे १९६, ३३० आणि २६२ हर्ट्‌झ. ऑडॅसिटीत मधल्या सुराचा तुकडा निवडा, अ‍ॅनलाइझ मेनूतलं ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा, साइझ १६३८४ ठेवा आणि ३३० च्या आसपासचं शिखर बघा.

समजा ‘स्क्रीन डायरेक्टर्स प्लेहाउस’चा अर्ध्या तासाचा भाग २८ मिनिटं १० सेकंदांचा आहे आणि शिखर ३४५ वर आलं. ३२९.६ भागिले ३४५ म्हणजे ०.९५५. फाइल सुमारे ४.७ टक्के जलद आहे. ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये उणे ४.४६ टक्के द्या. लांबी २९ मिनिटं २९ सेकंद होईल. घंटी आणि लांबी दोन्ही जुळली की खात्री पटली. ‘चेंज टेम्पो’ वापरू नका. त्याने लांबी बदलते पण आवाजाची पट्टी तशीच चिरकी राहते.

लांबी कमी आहे पण घंटी बरोबर, असं झालं तर वेगाला हात लावू नका. तिथे मजकूर कापलेला आहे. लक्स १९३५ ते १९५४ सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कवर होतं आणि तिथे ही घंटी नाही. तिथे त्याच निवेदकाचा चांगल्या प्रतीतला आवाज शेजारी ठेवून कानानेच जुळवावं लागतं.

पायरी ५: साफसफाई, जपून

मूळ फाइल बाजूला ठेवा आणि काम नकलेवर करा. स्टिरिओ फाइल असेल तर आधी मोनो करा. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा वेगवेगळा खर्रखर्र आवाज त्यानेच थोडा कमी होतो. मोनो केल्यावर बोलणंच गायब झालं तर दोन बाजू उलट्या जोडलेल्या आहेत. परत स्टिरिओवर या, एका बाजूला ‘इन्व्हर्ट’ द्या आणि पुन्हा मोनो करा.

नंतर टिकटिक काढा: ‘क्लिक रिमूव्हल’, आधी आहे त्याच आकड्यांवर. ट्रम्पेट फाटल्यासारखे वाजू लागले तर थ्रेशोल्ड वाढवा. मग ८० हर्ट्‌झचा ‘हाय-पास’ द्या, घरघर जाते.

खरखरीसाठी ‘नॉइज रिडक्शन’. नमुना घ्यायला असा एक सेकंद शोधा जिथे ना बोलणं ना टाळ्या. निवेदकाच्या दोन वाक्यांमधली जागा चालते. कपात ६ ते ८ डेसिबल, त्याहून जास्त नको. १५ च्या वर गेलात की टाळ्या आणि व्हायोलिनं बुडबुड्यांसारखी ऐकू येतात. तबकडीच्या प्रत्येक बाजूची खरखर निराळी असल्यामुळे पंधरा मिनिटांच्या प्रत्येक तुकड्यासाठी नमुना नव्याने घ्या. संपूर्ण फाइलला एकच नमुना लावल्यामुळे अर्धा भाग स्वच्छ आणि अर्धा भकास अशा फायली बनतात. थोडी खरखर राहू द्या. पाच मिनिटांनी कान ती विसरतात, बिघडलेला माणसाचा आवाज मात्र विसरत नाहीत.

पायरी ६: ऐकताना काय पकडायचं

चाळीसच्या दशकातली इंग्रजी भरधाव आहे. पहिले काही भाग व्हीएलसी या प्लेअरमध्ये ०.९ वेगाने ऐका, पट्टी बदलत नाही. लोकलमधून ऐकायचं असेल तर अर्ध्या तासाचा भाग घ्या. लक्ससाठी मात्र घरचा शांत तास ठेवा, कारण कुजबुजीचे प्रसंग गाडीच्या आवाजात बुडतात.

तारीख नसलेली फाइल हाती आली तर आवाज आणि प्रायोजक यांवरून काळ ठरवता येतो. लक्समध्ये डिमिलचा आवाज असेल तर भाग जानेवारी १९४५ पर्यंतचा. विल्यम कीली १९४५ ते १९५२, त्यापुढे अर्व्हिंग कमिंग्ज. स्क्रीन गिल्डमध्ये गल्फचं पेट्रोल १९३९ ते ४२, लेडी एस्थरची पावडर १९४२ ते ४७, कॅमल सिगारेट १९४७ ते ५०. युद्धरोख्यांचं आवाहन ऐकू आलं तर युद्धकाळ नक्की.

डिमिल गेला त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. रेडिओ कलाकारांच्या संघटनेने १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मतदान-प्रस्तावाविरुद्ध लढायला प्रत्येक सभासदाकडून एक डॉलर मागितला. डिमिलचा त्या प्रस्तावाला पाठिंबा होता. त्याने डॉलर दिला नाही, आणि संघटनेने त्याला हवेवरून उतरवलं. २२ जानेवारी १९४५ चा भाग त्याचा शेवटचा. देशातल्या सर्वांत लोकप्रिय नाट्यकार्यक्रमाचा चेहरा एका डॉलरच्या तत्त्वावरून गेला. हॉलिवूडमध्ये संघटनांचं बळ किती होतं ते यातून दिसतं. आणखी एक: डिमिल स्वतःला कार्यक्रमाचा निर्माता म्हणवत असला तरी प्रत्यक्ष दिग्दर्शन दुसरेच लोक करत, आणि कार्यक्रमाची सूत्रं जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेच्या हातात होती.

पायरी ७: धंद्यावरच्याच कथा

कान तयार झाला की सिनेमाच्या धंद्याबद्दलच बोलणारे भाग घ्या. ‘अ स्टार इज बॉर्न’ लक्सवर दोनदा झालं. १३ सप्टेंबर १९३७ रोजी चित्रपटाचीच नायिका जॅनेट गेनर आणि सोबत रॉबर्ट माँटगोमेरी. २८ डिसेंबर १९४२ रोजी जूडी गार्लंड आणि वॉल्टर पिजन. गार्लंडने हीच भूमिका पडद्यावर १९५४ मध्ये केली, म्हणजे रेडिओवर बारा वर्षं आधी. दुसरी आवृत्ती अजिबात चुकवू नका. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ १७ सप्टेंबर १९५१ ला लक्सवर आलं, ग्लोरिया स्वान्सन आणि विल्यम होल्डन या मूळ जोडीसह. जुन्या मूकपटांच्या नायिकेची शोकांतिका आणि अंकाअंकांत सौंदर्यसाबणाची जाहिरात, हे एकत्र ऐकणं अस्वस्थ करतं. तिथे जाहिराती गाळल्या तर त्या रात्री श्रोत्यांनी काय ऐकलं ते कळणारच नाही.

चित्रपट येण्याआधीची जाहिरात कशी करत, त्यासाठी एमजीएम आणि मॅक्सवेल हाउस कॉफीच्या ‘गुड न्यूज’चा २९ जून १९३९ चा भाग ऐका. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ तेव्हा प्रदर्शित व्हायचा होता.

वावड्यांच्या कार्यक्रमांत लुएला पार्सन्स, हेडा हॉपर आणि जिमी फिडलर ही नावं शोधा. १९३४ ते ३८ मधल्या ‘हॉलिवूड हॉटेल’मध्ये पार्सन्सच्या दबदब्यामुळे तारे फुकट येत, चित्रपटाची जाहिरात हाच मोबदला. कलाकारांच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला. याचे फार थोडे भाग शिल्लक आहेत, मिळेल तो उतरवून ठेवा.

विनोदाकडे वळायचं तर विनोदी नट जॅक बेनीच्या कार्यक्रमाचा २८ मार्च १९४८ चा भाग. नट रोनाल्ड कोलमनला नुकतंच ऑस्कर मिळालेलं. शेजारी जॅक ते बघायला म्हणून उसनं नेतो आणि वाटेत चोर गाठतो: पैसे की जीव? चिक्कू जॅक गप्प. ती शांतता रेडिओच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या शांततांपैकी एक. नॉइज रिडक्शन करताना ती कापली जाऊ देऊ नका. ‘ट्रंकेट सायलेन्स’ तर या फाइलला लावूच नका.

हक्कांबद्दल

फुकट ऐकायला मिळतं म्हणजे ते मोकळं झालं, असं नाही. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने संरक्षण आहे, शिवाय मूळ कथा, पटकथा आणि संगीत यांचे हक्क वेगळे असतात. स्वतः ऐका, टिपणं काढा, अभ्यासात छोटा उतारा दाखवा. साफ केलेला अख्खा भाग आपल्या यूट्यूब वाहिनीवर चढवून त्यावर जाहिराती घ्यायच्या असतील, तर आधी वकिलाला विचारा.